स्टेंटची किंमत बांधली, आता त्याची घडणही सांगा

कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या धमन्यांची तपासणी आणि उपचार होतात त्या खोलीच्या, बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. आत पेशंट टेबलावर असतो, अँजिओग्राफी झालेली असते, पडद्यावर ब्लॉकेज दिसलेलं असतं, आणि कुणीतरी बाहेर येऊन विचारतं, "स्टेंट कुठला टाकायचा? देशी की इम्पोर्टेड?" स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी तारांची बारीक जाळी. उत्तर द्यायला हातात फार तर पाच-दहा मिनिटं. मुलगा काकांकडे बघतो, काका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात, फोन लागत नाही, आणि शेवटी जो महाग तो चांगला या हिशेबावर होकार दिला जातो. आपलं माणूस आत असताना कुणी स्वस्तातला मागत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. त्यांना ठरवण्यासाठी दुसरं काही दिलेलंच नसतं.

ही पद्धत बदलायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. धमनीतून वाहणाऱ्या रक्ताला स्टेंट कुठल्या देशात बनला याच्याशी काही देणंघेणं नाही. जाळीची तार किती जाड आहे, तिच्या कडा गोल आहेत की चौकोनी, जोड किती आहेत आणि ती जाळी भिंतीला सगळीकडून टेकली आहे का, यावर रक्ताचा पुढचा प्रवास ठरतो. नेमक्या याच गोष्टी पेशंटला कुणी सांगत नाही. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, ते उत्तम झालं. पण ते अर्धं काम होतं.

आत काय घडतं ते आधी बघू. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या साधारण तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. आतून त्यांना पेशींच्या एका थराचं नाजूक अस्तर असतं, आणि या अस्तराला प्रवाह कळतो. रक्त भिंतीला घासून जाताना जो ताण पडतो, तो निरोगी धमनीत साधारण १ ते ७ पास्कल (ताण मोजण्याचं एकक) असतो. एवढा ताण मिळाला की पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात, रक्ताला गोठू देत नाहीत. ताण ०.४ पास्कलच्या खाली गेला की त्याच पेशींची वागणूक पालटते. पांढऱ्या पेशी त्यांना चिकटू लागतात, चरबी आत झिरपते, गुठळीला जागा मिळते. म्हणूनच धमनीतली चरबी वाटेल तिथे साचत नाही. फाटा फुटतो तिथे, वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे रक्त रेंगाळतं तिथे ती बसते.

आता या वाहत्या रक्तात तारांची जाळी आली. पाटाच्या पाण्यात दगड पडला की त्याच्या मागे पाणी गरगरतं आणि तिथेच गाळ बसतो. जाळीच्या प्रत्येक तारेमागे, आणि थोडं तिच्या पुढेही, तेच होतं. तार जितकी उंच आणि चौकोनी, तितका हा मंद रक्ताचा पट्टा लांब. त्या पट्ट्यात अस्तराच्या नव्या पेशी तारेवर चढायला वेळ लावतात आणि तोपर्यंत धातू उघडा राहतो. उघड्या धातूवर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बसतात. स्टेंटवर लावलेलं औषधही या भोवऱ्यात साचतं, त्यामुळे भिंतीत ते सगळीकडे सारखं उतरत नाही. बारीक तारेवरून रक्त सरळ निघून जातं, अस्तर लवकर भरून येतं. तीन मिलिमीटरच्या धमनीत १५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तार दोन्ही बाजूंनी धरली तर व्यासातला दहावा हिस्सा तिनेच अडवला. ६० मायक्रॉनची असेल तर जेमतेम चार टक्के. सव्वादोन मिलिमीटरच्या धमनीत हा फरक आणखी जाचक होतो, आणि मधुमेह्यांच्या आजारी धमन्या पुष्कळदा अशाच बारीक आणि लांबवर खराब झालेल्या असतात. मधुमेह घराघरांत पोचलेल्या आपल्या देशाला म्हणून या मायक्रॉनांची जास्त काळजी हवी.

हे काही नुसतं प्रयोगशाळेतलं गणित नाही. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये पहिल्यांदा फुग्याने हृदयाची धमनी उघडली. फुगवलेली धमनी पुन्हा आकसायची, म्हणून १९८६ मध्ये तुलूझ आणि लोझान इथे पहिले स्टेंट बसवले गेले. मग नवीच अडचण आली: जाळीच्या आतून पेशी वाढून वाट पुन्हा बुजू लागली. २००१ साली इसार-स्टिरिओ नावाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिची रचना मला आजही फार मोलाची वाटते. दोन्ही गटांतल्या स्टेंटची नक्षी जवळपास तीच होती, फरक मुख्यतः तारेच्या जाडीचा. एकाची तार ५० मायक्रॉन, दुसऱ्याची १४०. जाड तारेच्या गटात २५.८ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली, बारीक तारेच्या गटात १५ टक्के. औषध नाही, नवा मिश्रधातू नाही, केवळ तार बारीक केली आणि शंभरातली दहा माणसं त्या त्रासातून वाचली.

तरी पुढच्या काही वर्षांत उद्योगाचं सगळं लक्ष औषधाकडे वळलं. पहिल्या औषधी स्टेंटची तार १४० मायक्रॉनचीच राहिली. औषधाने पेशींची वाढ रोखली खरी, पण अस्तरही भरून येईना, आणि वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळी होण्याचे प्रकार दिसू लागले. मग कोबाल्ट-क्रोमियमसारखे अधिक मजबूत धातू आले आणि जाडी ८० मायक्रॉनच्या आसपास उतरली. औषध धरून ठेवणारा लेपही बदलला. दुसऱ्या पिढीचे स्टेंट पहिल्यापेक्षा सुरक्षित ठरले त्यात या बारीक तारेचा वाटा मोठा आहे.

बारीक करत जाण्यालाही सीमा असते. तार बारीक झाली की जाळीचा भिंतीला पेलण्याचा जोर घटू शकतो. वळणदार धमनीतून सहज सरकावा म्हणून जाळीतल्या कड्यांमधले जोड कमी केले, तर स्टेंट लांबीत दबण्याची भीती वाढते. २०११-१२च्या सुमाराला अशा दबलेल्या स्टेंटची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत बरीच आली. ताठ स्टेंट वळणाला सरळ करतो आणि त्याच्या दोन्ही टोकांशी प्रवाह बिघडवतो. चांगली रचना म्हणजे या सगळ्या ओढाताणीतून काढलेली वाट असते. ती वाट कुणी नीट काढली हे किमतीवरून कळत नाही, माणसांवर झालेल्या चाचणीतूनच कळतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा विरघळणाऱ्या स्टेंटचा आहे. ॲबॉट कंपनीचा ॲब्सॉर्ब बाजारात आला तेव्हा त्याचं स्वागत नव्या युगासारखं झालं. कल्पना खरोखर सुंदर होती: दोन-तीन वर्षांत जाळी विरघळून जाईल आणि धमनी मोकळी राहील. पण विरघळणारं प्लास्टिक धातूइतकं मजबूत नसतं, म्हणून त्याची तार १५० मायक्रॉनच्या पुढे ठेवावी लागली. म्हणजे जाडीच्या बाबतीत आपण पुन्हा मागे गेलो. ॲब्सॉर्ब-३ या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनंतर त्याच जागी पुन्हा गंभीर त्रास झालेले रुग्ण ११ टक्के निघाले; तुलनेतल्या धातूच्या औषधी स्टेंटमध्ये ७.९ टक्के. गुठळ्याही जास्त झाल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभरातली त्याची विक्री थांबवली. त्याआधी आपल्याकडे तो अत्यंत महागड्या स्टेंटमध्ये गणला जात होता. ज्या कुटुंबांनी दागिने मोडून "सगळ्यात नवा टाका" असं सांगितलं असेल, त्यांनी रक्ताच्या वाटेत अधिक जाड तार विकत घेतली होती. यात त्यांचा काय दोष? त्यांना तारेची जाडी कुणी सांगितली होती?

आता किमतीकडे येऊ. स्टेंटवर सरकारचा अंकुश आला तोच उशिरा. मुंबईत मंजुरी नसलेल्या स्टेंटवरून वाद उठला, त्यानंतर २००५ साली केंद्राने स्टेंटला औषधांच्या कायद्याखाली आणलं. किमतीला हात लागायला आणखी बारा वर्षं गेली. फरिदाबादचे वकील बिरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली, जुलै २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत जाहीर केली. साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये. औषधी आणि विरघळणारा, दोन्ही २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. मधला नफा कुठे जात होता तेही प्राधिकरणाच्याच आकड्यांतून बाहेर आलं: काही ठिकाणी तो सहाशे टक्क्यांच्या पुढे होता आणि त्यातला मोठा वाटा रुग्णालयांच्या पातळीवर जमा होत होता. ही कमाल किंमत पुढे वेळोवेळी बदलत आली आहे, पण एका स्टेंटसाठी घर गहाण पडण्याचे दिवस त्या आदेशाने मागे टाकले. मी त्या आदेशाच्या बाजूने तेव्हाही होतो, आजही आहे.

विरोधात जे म्हटलं गेलं ते मात्र झटकून टाकण्यासारखं नव्हतं. परदेशी कंपन्यांचं आणि काही हृदयरोगतज्ज्ञांचं म्हणणं असं होतं की सगळ्या औषधी स्टेंटना एकाच पट्टीने मोजलं तर नवी रचना भारतात आणायला कुणी धजणार नाही. काही कंपन्यांनी आपले नवे स्टेंट इथून काढून घेण्याची परवानगीही मागितली. प्रगत रचनेसाठी वेगळा, वरचा दर द्या, अशी त्यांची मागणी होती. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञांच्या उपसमितीने ती तपासली आणि वेगळा वर्ग करण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

कारण १४० वरून ८० मायक्रॉनवर येताना जेवढा लाभ झाला, तेवढा ८० वरून ६० वर येताना होईलच असं नाही. बायोफ्लो-५ या २०१७च्या चाचणीत ६० मायक्रॉनच्या ऑर्सिरो स्टेंटचे वर्षभराचे निकाल ८१ मायक्रॉनच्या झायन्स या दुसऱ्या औषधी स्टेंटपेक्षा सरस निघाले: त्रास झालेले रुग्ण ६.२ टक्के विरुद्ध ९.६ टक्के. इतर चाचण्यांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. आणि याच रांगेत सुरतेत बनलेला एक स्टेंट उभा आहे. सहजानंद कंपनीचा सुप्राफ्लेक्स, तारेची जाडी ६० मायक्रॉन. युरोपात १,४३५ रुग्णांवर त्याची झायन्सशी थेट तुलना झाली आणि २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ती छापली. वर्षभरात त्रास झालेले रुग्ण ४.९ टक्के आणि ५.३ टक्के. सुरतेचा स्टेंट कुठेही कमी पडला नाही. वरचा दर मागणाऱ्यांना एवढंच विचारायला हवं की तुमची रचना यापेक्षा चांगली असल्याचं माणसांवरच्या चाचणीत दाखवा. दाखवलंत तर दराचं बोलू.

पण हीच फूटपट्टी देशी कंपन्यांनाही लावायला हवी, आणि इथे मला बाकीच्या समर्थकांपेक्षा वेगळं बोलायचं आहे. एका देशी स्टेंटने युरोपात परीक्षा दिली म्हणून सगळे देशी स्टेंट पास झाले असं होत नाही. कमाल किमतीच्या एकाच छताखाली आज कित्येक ब्रँड उभे आहेत. काहींच्या मागे हजारो रुग्णांच्या चाचण्या आहेत, काहींच्या मागे रुग्णांच्या निकालांची एखाद-दुसरी लहानशी नोंदवही. पेशंटला मात्र दोन्ही एकाच भावात आणि एकाच नावाने मिळतात: "औषधाचा स्टेंट." किमतीचा भेद गेला हे बरं झालं; पुराव्यातला भेद झाकला गेला हे बरं नव्हे.

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर फाईल काढून बघा. डिस्चार्ज कार्डाला किंवा बिलाला एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. २०१७च्या आदेशानंतर रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवणं, ब्रँडचं, उत्पादकाचं नाव आणि बॅच नंबर देणं बंधनकारक झालं आहे. स्टिकरवर साधारण २.७५ x २८ असे आकडे दिसतील: पहिला व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेजारी बारकोड आणि मुदतीची तारीख. तारेची जाडी बहुधा नसते. औषध कुठलं, त्याचा लेप टिकणारा की विरघळणारा, कुठल्या चाचणीत किती रुग्णांवर तपासला, यातलं काही नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर त्यात काय काय घातलंय, साखर किती हे छापावं लागतं. जन्मभर हृदयात राहणाऱ्या जाळीची घडण छापायला काय हरकत आहे? चार ओळींचा तक्ता पुरेल, मराठीत आणि ज्या त्या राज्याच्या भाषेत.

कुणी म्हणेल, सामान्य माणसाला मायक्रॉन काय कळणार? सगळ्यांना कळणार नाहीत, मान्य. पण एकदा छापलं की गावातल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरला कळेल, एखाद्या वार्ताहराला कळेल, भाचीला कळेल. आणि मुख्य म्हणजे जो विकतो त्याला ते छापताना विचार करावा लागेल.

घडणीइतकीच, किंबहुना जास्त मोलाची गोष्ट म्हणजे स्टेंट बसला कसा. जगातला सर्वांत बारीक तारेचा स्टेंटही अर्धवट उघडला तर रक्ताला अडवतोच. तीन मिलिमीटरचा स्टेंट कॅल्शियमने कडक झालेल्या धमनीत अडीच मिलिमीटरच उघडला, तर आतलं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी घटतं. तार भिंतीपासून सुटून मधोमध तरंगत राहिली तर तिच्या दोन्ही बाजूंनी रक्त गरगरतं. अँजिओग्राफीच्या चित्रात हे नेहमी दिसत नाही, कारण ती फक्त सावली असते. धमनीच्या आतून सोनोग्राफी करणारी किंवा प्रकाशाने चित्र काढणारी बारीक नळी घातली की प्रत्येक तार वेगळी दिसते: कुठली टेकली, कुठली सुटली. दक्षिण कोरियात १,६३९ गुंतागुंतीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशी आतून तपासणी केलेल्या गटात पुढे गंभीर त्रास झालेले ७.७ टक्के होते. फक्त अँजिओग्राफीवर विसंबलेल्या गटात १२.३ टक्के. युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत ही तपासणी करावीच असं म्हटलं आहे. दोन चांगल्या स्टेंटमधल्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे. मग महागड्या ब्रँडवर वाद घालण्यात शक्ती कशाला घालवायची?

स्टेंटची गरज आहे का, हाही शेवटी प्रवाहाचाच प्रश्न. डोळ्यांना सत्तर टक्के दिसणारं ब्लॉकेज रक्त खरंच अडवतं का, हे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून ठरवता येतं. पलीकडच्या दाबाचं अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर अडथळा खरा. फेम नावाच्या २००९च्या चाचणीत हा दाब मोजून काम केलं तेव्हा एका रुग्णामागे सरासरी १.९ स्टेंट लागले, नुसतं बघून केलं तेव्हा २.७, आणि कमी स्टेंट लागलेल्या गटाचं वर्षभर जास्त बरं चाललं. हार्ट अटॅक चालू असताना असा वेळ नसतो, तिथे धमनी ताबडतोब उघडणं हेच प्राण वाचवणं. पण ठरवून होणाऱ्या अँजिओप्लास्टीत हे मोजमाप व्हायला हवं.

किंमत बांधल्यावर नफ्याची गळती इतर सामानाकडे सरकली, हेही लपून राहिलेलं नाही. २०१८ साली प्राधिकरणानेच काही मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासून सुया, नळ्या, तोट्या अशा वस्तूंवरचा अवाढव्य नफा उघड केला होता. म्हणून आतली तपासणी आणि दाबाचं मोजमाप यांना लागणाऱ्या तारा व नळ्यांनाही रास्त दर ठरवून द्यायला हवेत, नाहीतर डॉक्टरची इच्छा असूनही पेशंटच्या बिलाकडे बघून त्या पेटीतच राहतील.

महाराष्ट्राला इथे पुढाकार घेता येईल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, आणि ही योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे. एवढ्या मोठ्या खरेदीदाराने अट घातली तर कंपन्या ऐकतात. योजनेत स्टेंट द्यायचा असेल तर तारेची जाडी, धातू, औषध, लेप आणि प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांचे निकाल आधी जाहीर करा, असं राज्याने सांगावं. डाव्या मुख्य धमनीत, फाट्यावर किंवा लांबलचक ब्लॉकेजमध्ये स्टेंट बसवताना आतून केलेल्या तपासणीचा खर्च पॅकेजमध्ये धरावा, आणि स्टेंट किती उघडला तो आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहायला लावावा.

आणि नोंद ठेवावी. स्वीडनमध्ये बसवलेल्या जवळपास प्रत्येक स्टेंटची राष्ट्रीय नोंद होते. पहिल्या औषधी स्टेंटबद्दलची धोक्याची एक मोठी सूचना २००७ साली याच नोंदींतून जगापुढे आली, आणि पुढे जास्त वर्षांची माहिती जमल्यावर ती भीती किती खरी, किती नाही हेही त्याच नोंदींनी दाखवलं. आपल्याकडे बिलावर बॅच नंबर आहे, पण तो फाईलमध्येच पडून राहतो. अमुक बॅचचे स्टेंट बसवलेल्यांपैकी किती जण वर्षभरात पुन्हा अटॅक घेऊन आले, हे आज कुणीही सांगू शकत नाही. योजनेच्या संगणकात रुग्ण आहे, रुग्णालय आहे, दिलेली रक्कम आहे, आणि तोच रुग्ण पुन्हा दाखल झाला तर त्याचीही नोंद होते. त्यात स्टेंटचा बॅच नंबर टाकायचा एक रकाना वाढवावा आणि दरवर्षी ब्रँडनिहाय निकाल लोकांसमोर ठेवावेत. सुरुवात राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कॅथलॅबपासून करता येईल.